तानूआक्का आणि सेनापतीचे डोळे

गणपती सांगायला येणाऱ्या माणसाला तानूआक्का पहिला प्रश्न विचारायची तो मूर्तीच्या उंचीचा किंवा रंगाचा नसायचा. ती विचारायची, "पाट किती उंच?" नवीन गिऱ्हाईक गोंधळून जायचं. गणपती चौरंगावर बसणार, टेबलावर बसणार की शोकेसच्या फळीवर, हे नीट कळल्याखेरीज ती पुढचं बोलायचीच नाही. देवापुढे जो माणूस मांडी घालून बसतो त्याच्यावर देवाची नजर पडली पाहिजे, आणि ती नजर किती खाली वळवायची हे पाटाच्या उंचीवर ठरतं, असं तिचं साधं गणित होतं.

एका वर्षी घरात मुंग्या झाल्या म्हणून मी ऐनवेळी चौरंग बाजूला सारून गणपती जेवणाच्या टेबलावर बसवला. संध्याकाळी तानूआक्का दर्शनाला आली, देवापुढे बसली आणि बसल्याबसल्या उठली. देव माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघतोय, म्हणाली. मी मुंग्यांचं सांगितलं, ते तिने कानाआड केलं. बसवलेला देव हलवता येत नाही, तेव्हा तिने आम्हालाच वर उचललं. पुढचे चार दिवस पूजेला बसणारा माणूस एकावर एक ठेवलेल्या तीन पाटांवर डुगडुगत बसत होता. माझी बायको त्यावरून मला अजून चिडवते.

आमच्या घरामागेच कुंभारगल्ली आहे. तिथे तानूआक्काचा मुलगा विलास याचा मूर्तींचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. साचे, घासकाम, रंग ही सगळी कामं विलास आणि त्याची माणसं करायची. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, मात्र फक्त तानूआक्काचं. चाळीस वर्षं ती ते करत होती. काळीसावळी, काटकुळी बाई, दातांना मिसरी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं भांडण चाललंय. मी बदली होऊन जयसिंगपूरहून कोल्हापुरात आलो त्याला अठरा वर्षं झाली, इथेच घर बांधलं, पोरं इथेच शिकून मोठी झाली, तरी तिच्या लेखी मी "जयसिंगपूरचं पावणं"च राहिलो. पुढे पुढे तिने जयसिंगपूर गाळलं आणि नुसतं "पावणं" ठेवलं.

आखणीला बसली की शेडमधला रेडिओ बंद व्हायचा. ती मूर्तीच्या बरोबर समोर, हातभर अंतरावर बसायची. खारीच्या केसांचा कुंचला काळ्या रंगात बुडवून अंगठ्याच्या नखावर फिरवायची, श्वास घ्यायची, धरायची आणि वरच्या पापणीची रेघ एका झटक्यात ओढायची. दोन्ही डोळे एकाच बैठकीत. एक डोळा काढून जेवायला उठलेली तिला मी कधी पाहिली नाही. देवाला एका डोळ्याने ताटकळत ठेवायचं नसतं, असं ती म्हणायची, आणि तसं म्हणताना तिचा आवाज जरा बारीक व्हायचा. त्या आवाजात भीती होती हे मला फार उशिरा कळलं.

आता माझ्या छंदाबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगताना मला अजूनही थोडं चोरट्यासारखं होतं. मी वीज कार्यालयात नोकरीला. माझे एक मित्र दंतवैद्य आहेत, दुसरे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. पन्नाशी ओलांडलेले आम्ही तिघे दर रविवारी सकाळी डॉक्टरांच्या गच्चीवरच्या खोलीत लढाया खेळतो. मोठं टेबल, त्यावर हिरवं कापड, थर्माकोलच्या टेकड्या, दोन पेरांएवढे धातूचे सैनिक, मोजायला टेप आणि नशिबाला फासे. इतिहासातली खरी लढाई घ्यायची, दोन्हीकडचं सैन्य होतं तसं मांडायचं आणि मग बघायचं की आपल्या हातून काय होतं. सैनिक बिनरंगाचे येतात. ते रंगवायचं काम माझ्याकडे.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अठराव्या शतकातला एक मराठा सेनापती परदेशातून मागवला. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याचे वंशज आपल्याच जिल्ह्यात आहेत, त्यांच्यात दोन तट आहेत आणि दोन्हीकडचे फोन मला नकोत. सेनापती उभा होता, एक हात तलवारीच्या मुठीवर, दुसरा कमरेवर. मी त्याला अस्तर दिलं, अंगरखा रंगवला, चिलखताच्या खाचांमध्ये पातळ काळा रंग सोडला, पगडीच्या कडेला केसाएवढी जर ओढली. एवढं सगळं जमलं. डोळे जमेनात. साध्या सैनिकाला डोळे नसले तरी चालतं, भुवईखाली सावली पाडली की भागतं. सेनापतीला तसं चालत नाही. माझ्या हातून तो एकदा चकणा झाला, एकदा झोपलेला आणि एकदा असा काही झाला की डॉक्टर म्हणाले, ह्याला दाढ काढायला आणलंय का. तिन्ही वेळा मी चेहरा खरवडून काढला. शेवटी बायको म्हणाली, मागच्या गल्लीत तानूआक्का आहे की.

फेब्रुवारीत मी तो घेऊन गेलो. तिने तो चिमटीत धरून उजेडात फिरवला आणि हा कुणाचा देव म्हणून विचारलं. देव नव्हे, खेळातला सेनापती, हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. मग नेहमीचा प्रश्न आला, पाट किती उंच. मी टेबलाची उंची सांगितली. आम्ही उभे राहून वरून बघतो, तेव्हा त्याची नजर वर असलेली बरी, असंही सुचवलं. तिला ते अजिबात पटलं नाही. सेनापती खेळणाऱ्याच्या तोंडाकडे कशाला बघेल, गनीम कुठे आहे ते सांगा, म्हणाली. मी सांगितलं, टेबलाच्या पलीकडच्या काठाला, चार फुटांवर. तिने मान डोलावली.

खेळाचे नियमही तिने विचारून घेतले. त्यातला एक तिला फार आवडला. सेनापतीपासून बारा इंचांच्या आत जे सैनिक असतात ते सहसा पळत नाहीत. त्यापलीकडे जे असतात त्यांच्यासाठी फासे टाकून बघावं लागतं.

"म्हंजे त्येला दिसतंय तेवड्यातलं पळत न्हाईत," ती म्हणाली.

दिसण्याचा तिथे संबंध नाही, अंतराचा आहे, असं मी म्हटलं. सेनापतीला तिने एका स्टीलच्या डब्यात कापसावर ठेवलं आणि सवडीने करते, घाई करायची नाही, असं बजावून मला वाटेला लावलं.

मार्च गेला, अर्धा एप्रिल गेला. मी दर दोन-चार दिवसांनी चक्कर टाकायचो आणि काहीबाही दिसायचं. तिच्या उजव्या हाताला चहाचा कप ठेवला तर ती तो चाचपडत शोधायची. एकदा डावीकडून मांजर उडी मारून आलं, तर बाई दोन्ही हात तोंडावर घेऊन भिंतीला चिकटली आणि बराच वेळ तशीच राहिली. गल्लीतल्या बायका म्हणायला लागल्या होत्या की मोठ्या मंडळांचे गणपती करायला लागल्यापासून आक्काला शिष्टपणा आलाय, शेजारून गेलं तरी बोलत नाही. शेडच्या दारात लावलेल्या मोटारसायकलचं हँडल तिला रोज लागायचं आणि रोज ती मोटारसायकलवाल्याचा उद्धार करायची. मोटारसायकल विलासची होती. बिचारा ऐकून घ्यायचा.

एका दुपारी गेलो तर भुवईवर हळद दाबून बसली होती. दाराची चौकट लागली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. मला म्हणाली, पावणं, दार लोटा आणि बसा. त्या दिवशी तिने जे सांगितलं ते हळू आवाजात सांगितलं, आणि तानूआक्काला हळू बोलता येतं हेच मला नवीन होतं.

दोन वर्षांपासून तिच्या नजरेच्या कडा जात होत्या. आधी डावीकडची, मग उजवीकडची. समोरचं लख्ख दिसायचं, पण तेवढंच. नळीतून बघितल्यासारखं, म्हणाली. मी घाईघाईने डॉक्टरचं नाव काढलं, ते तिने हातानेच थांबवलं. मग आईची गोष्ट सांगितली.

तिची आईही याच गल्लीतली, चार घरं पलीकडची, आणि तीही आखणी करायची. साठीच्या आत तिचे डोळे गेले, असेच, कडेपासून. गल्ली म्हणाली, हिच्या हातून कुठल्यातरी देवाचा डोळा वाकडा निघाला, म्हणून देवाने हिचे काढून घेतले. लोकांचं सोडून देता आलं असतं, पण आईनेच ते खरं मानलं. त्या वर्षी गणपती बसल्यावर तिने तानूआक्काला गावात पाठवलं. आपल्या हातच्या सगळ्या मूर्ती बघून ये, कुठली चुकलीय ते सांग, म्हणजे तिच्यापुढे जाऊन नाक घासते. तानूआक्का तेव्हा विशी-बाविशीची, विलास काखेत. पाच दिवस ती घरोघर हिंडली. लोक प्रसाद द्यायचे, बस म्हणायचे, आणि ही देवाच्या तोंडाला तोंड लावून डोळे तपासायची. एकही मूर्ती चुकलेली नव्हती. आईला तसं सांगितलं तर आईने विश्वास ठेवला नाही. तू लपवतेस म्हणाली. पुढची अकरा वर्षं, मरेपर्यंत, तिने तेच धरून ठेवलं.

"आता मी रोज आटवती," तानूआक्का म्हणाली. "चाळीस वर्सांचं गनपती. डोळं मिटलं की येकेक म्होरं येतोय. ह्यातला कंचा चुकला असंल?"

मी म्हटलं, असं काही नसतं. हे म्हणणं किती पोकळ आहे ते मलाच ऐकू आलं. तिला खरोखर भीती वाटत होती, हाताची बोटं एकमेकांत अडकवून ती बसली होती आणि बोटांची टोकं पांढरी पडली होती. आंधळं होण्याची भीती होतीच. पण डॉक्टरने रोगाचं नाव सांगितलं की ते गल्लीत फिरणार, आणि देव रुसलेल्या हातचे गणपती कुठलं मंडळ नेणार, विलासच्या पोटावर पाय येणार, ही भीती त्याहून मोठी होती. म्हणून तिने स्वतःपुरता एक कौल लावला होता, आणि तो माझ्या डब्यातल्या सेनापतीवर लावला होता.

"ह्येचं डोळं जमलं तर औंदा आखणीला बसती," ती म्हणाली. "न्हाय जमलं तर कुंचलं पंचगंगंत सोडती आनि इलासला समदं सांगती. तवर तुमी कुनाला बोलायचं न्हाय."

मी शब्द दिला. घरी आलो, जेवलो, बायकोलाही काही बोललो नाही. त्या दिवशी मलाही भीती वाटली, आणि ती सगळी तानूआक्काच्या डोळ्यांची होती असं मी म्हणू शकत नाही. सेनापती तिच्याकडे होता. विलासला कळलं तर तो आईला दवाखान्यात नेईल आणि माझं काम तसंच राहील, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. येऊन गेला म्हणजे थोडा वेळ थांबलाच.

एप्रिलच्या शेवटी तिने निरोप धाडला. सकाळी नऊचा सुमार, दारातून ऊन आत आलेलं. दाराच्या उंबऱ्यापाशी पोतं टाकून ती बसली होती, सेनापती एका बाटलीच्या बुचावर मेणाने चिकटवलेला. मला समोर बसवलं. कुंचल्याचे केस कात्रीने कापून तिने तीनच शिल्लक ठेवले होते.

रंगात बुडवण्याआधी तिने विचारलं, "लडाईच्या आदी ह्यो भ्यालावता काय?"

इतिहासात तसं कुठे लिहिलेलं नाही, मी म्हटलं. तिने मला मग डोळ्याचं एक शास्त्र सांगितलं. बुबुळाच्या खाली पांढरं दिसलं की माणूस दमलेला असतो. वर दिसलं की भ्यालेला. वरही नाही आणि खालीही नाही, असे डोळे फक्त देवाला काढायचे, माणसाला शोभत नाहीत.

मग तिने श्वास घेतला आणि धरला. मीही धरला. खसखशीच्या दाण्याहून लहान जागा होती ती. आधी पांढऱ्याचा एक ठिपका, मग दुसरा. वाळायला थांबली. मग काळा. हात बुचावर टेकलेला, हलत होती ती फक्त बोटं, आणि तीही हलतात की नाही समजू नये इतकीच. तिच्या कपाळावर घाम आला होता. मला आठवतंय, मी मनात देवाचं नाव घेत होतो, आणि कुणासाठी घेत होतो ते मला सांगता येत नाही.

डोळे झाले. तिने बूच माझ्या हातात दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. सेनापती जणू टेबलाच्या पलीकडच्या काठाकडे बघत होता. दोन्ही डोळे एका रेषेत, एका नजरेचे. फक्त बुबुळाच्या वर केसाएवढं पांढरं सुटलेलं होतं.

"भ्यालेलाच झाला की हो," मी म्हटलं.

"मला दुसरं येतच न्हवतं आज," ती म्हणाली. पण हसत होती. तिचे मिसरीचे दात मला एवढे सगळे कधी दिसले नव्हते. जमलं, पावणं, जमलं, असं दोनदा म्हणाली आणि पदराने कपाळ पुसलं.

रविवारी आम्ही तो टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, डोळे अप्रतिम आहेत, पण आपला सेनापती घाबरलेला दिसतोय, असा कसा चालेल. सुभेदारांनी भिंग घेतलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, बरोबर आहे हे, चढाईच्या आधी आमचे साहेब असेच दिसायचे, आणि दिसू नये म्हणून जास्त ओरडायचे.

खरं तर मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तिची अट पुरी झाली होती, पण दुपारच्या उन्हातही तिला मोटारसायकल दिसत नव्हती हे मला माहीत होतं. मी काय केलं तर पुढच्याच आठवड्यात शत्रूकडचा सेनापती तिच्याकडे नेऊन दिला. तिने तो हौसेने ठेवून घेतला.

जुलैत आखणी सुरू झाली. घरगुती गणपती आधी, फूट-दीड फुटांचे. एकापाठोपाठ एक ती डोळे उघडत गेली आणि एकही चुकला नाही. बायका म्हणाल्या, आक्का औंदा तरणी झालीय. मी मनाला समजावलं की आपण उगाच घाबरलो. तिच्या दुखण्याला उतार पडला असेल, काहींना पडतो, असं मी स्वतःला ठासून सांगत होतो.

ऑगस्टमध्ये मंडळाची पाच फुटी मूर्ती आखणीला आली. मी माझ्या शत्रुसेनापतीची चौकशी करायला नेमका त्याच वेळी शेडमध्ये गेलो होतो. बाहेर पाऊस लागून राहिलेला, पत्र्यावर आवाज, आत ट्यूबचा उजेड. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मोठ्या मूर्तीसमोर तानूआक्काला बसायला जेमतेम एक उंच स्टूल मावलं होतं, तिच्या पाठीला लागून दीड फुटी मूर्तींची रांग. रेडिओ बंद झाला. विलास आणि त्याचे दोन कारागीर हात थांबवून उभे राहिले, दरवर्षी राहतात तसे.

तिने उजवा डोळा काढला. कुंचल्याचा एकच ओढा, कमळाच्या पाकळीसारखी पापणी. विलासने मान डोलावली. मग तिने बसल्या जागी अंग दुसरीकडे वळवलं, कुंचला पुन्हा भिजवला, श्वास धरला आणि डावा डोळा काढला. तोही सुरेख. एकेकटा बघितला तर दोन्ही डोळ्यांत नाव ठेवायला जागा नव्हती. पण डावा डोळा उजव्यापेक्षा दोन बोटं वर होता. देवाच्या चेहऱ्याचे जणू दोन तुकडे जोडले होते.

तिने कुंचला खाली ठेवला आणि विचारलं, "कसं झालंय?"

पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. विलासचं तोंड उघडं राहिलं होतं. तानूआक्काने मान वळवून आम्हाला शोधलं, एकेकाचं तोंड तिला सापडलं असावं, कारण तिचा स्वतःचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मागे सरकून बघायला जागा नव्हती. मग तिने हात पुढे केला. अंगठा उजव्या डोळ्यावर ठेवला आणि बोटं पसरून डाव्या डोळ्यापर्यंत वीत मोजली. रंग ओला होता. बोटं काळी झाली. तिने पुन्हा मोजली.

"ह्योच तो," ती म्हणाली. "आई हुडकत हुती त्यो."

विलासला यातलं काहीच समजलं नाही. मला समजलं. मी तिथून निघालो. शत्रुसेनापती मागायचा तर प्रश्नच नव्हता, पण विलासच्या नजरेला नजर देणंही मला झेपलं नाही. त्याने त्या दिवशी आईला एक शब्द विचारला नाही. मूर्तीचा चेहरा ओल्या फडक्याने पुसला, पांढरा हात दिला आणि दुसऱ्या दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

काचबिंदू. पुढचं विलासने मला सांगितलं. कडेची नजर गेलेली, ती परत येणार नाही. मध्ये जी राहिली आहे ती थेंब घालून टिकवायची, टिकेल तेवढी. म्हणून छोटं तेवढं नजरेत मावत होतं आणि मोठं मावत नव्हतं. मूर्ती फूट-दीड फुटांची असेपर्यंत तिचा चेहरा त्या नळीत बसायचा. सेनापती तर अख्खाच बसला. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आला असता तर आणखी पुष्कळ हाती राहिलं असतं. विलास हे सांगत होता आणि मी त्याच्या मोटारसायकलच्या हँडलकडे बघत होतो.

हा रोग रक्तातून येतो, आई-बापाकडून, असंही डॉक्टर म्हणाले. तेव्हा तानूआक्काने त्यांना एकच गोष्ट विचारली. म्हणजे माझ्या आईच्या हातून काही चुकलं नव्हतं? डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, नाही, यात कुणाचंच काही चुकलेलं नसतं. विलास म्हणाला की त्यावर ती दवाखान्यात मोठ्याने रडली, आणि रडू दुःखाचं होतं की सुटल्याचं ते त्याला ठरवता आलं नाही.

शेडमध्ये साचे, खड्डे, वायरी. पडली-बिडली तर, म्हणून विलासने तिला गडमुडशिंगीला मुलीकडे पोचवलं. मी जायचं म्हणत राहिलो आणि टाळत राहिलो. दिवाळी झाल्यावर गेलो.

मुलीचं घर गावाच्या कडेला, समोर मोठं अंगण, पलीकडे गोठा. तानूआक्का ओसरीवर बसली होती. आवाजावरून तिने मला ओळखलं, जेवूनच जायचं म्हणाली, विलासच्या बायकोची चौकशी केली. बोलणं पूर्वीसारखंच मोठ्याने. थेंब घालते, जळजळ होते, म्हणाली. सकाळी उठल्यावर डोळे उघडायची भीती वाटते, कालच्याएवढं दिसेल की नाही ते उघडल्याशिवाय समजत नाही. म्हणून थोडा वेळ मिटूनच पडते. हे तिने हवापाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं.

मी वाटेत ठरवलं होतं, ते तिथे बसल्यावर बोलून टाकलं. मार्चपासून मला दिसत होतं. तू शब्द घेतलास म्हणून मी गप्प बसलो असं मी सगळ्यांना सांगू शकतो, पण ते खरं नाही. मला माझा सेनापती हवा होता. म्हणून विलासला सांगितलं नाही.

ती मला काहीतरी लागेल असं बोलेल याची मी वाट बघत होतो. खरं तर ती बोलली असती तर बरं झालं असतं.

"तुमी बोलनार न्हाईसा म्हनूनच तुमाला सांगितलंतं," ती म्हणाली.

मग तिने मला अंगणात जाऊन तिच्या बरोबर समोर उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो. आनि मागं, ती म्हणाली. मी मागे गेलो. आनि मागं. असं करत करत मी अंगण ओलांडून पार गोठ्याच्या दावणीला टेकलो. म्हैस माझ्या खांद्याशी फुरफुरली. ओसरीवरून तानूआक्का मान ताठ करून माझ्याकडे बघत होती, शेडमध्ये मूर्तीसमोर बसायची अगदी तशी.

"आता मावलासा," ती तिथून ओरडली. "दोनी डोळं दिसत्यात."

तिने उजवा हात माझ्या दिशेने पुढे केला, कुंचला धरल्यासारखी चिमूट केलेली. आमच्या मध्ये अख्खं अंगण होतं. हात तसाच धरून ती काही वेळ बसली.

"पन हात पुरत न्हाय, पावणं," म्हणाली, आणि हात मांडीवर ठेवला.